'पैनगंगा' बोलायची थांबली

मंदा,

सोमवारी मेहकरच्या स्टँडवर उभी होते. लाउडस्पीकर खरखरला आणि सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेडराजामार्गे जालन्याकडे जाणारी गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे ते कुणीतरी सांगू लागलं. बाई चांगली बोलत होती. उच्चार स्वच्छ, घाई नाही. माझ्या शेजारी मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईनं मान वर केली. "हे कोन आता?" तिच्या सोबतीणीनं सांगितलं, "मंदाबाई गेली न व. जहाजवाली."

जन्मभर नोकरी केलीस स्टँडवर. कंट्रोलरच्या त्या काचेच्या खोलीत बसून अख्ख्या तालुक्याला गाडीत बसवलंस. आणि लोकांच्या तोंडी राहिलीस ती जहाजवाली म्हणून. तू हे ऐकलं असतंस तर तोंडावर पदर घेऊन हसली असतीस आणि मग मला म्हणाली असतीस, "पाह्य शीले, तुह्या येडेपनापायी माहं काय झालं."

येडेपणा माझा होताच. पण सुरुवात राजूनं केली. लग्नाचे व्हिडिओ काढणारा राजू. लग्नसराई संपली की त्याचा स्टुडिओ रिकामा, आणि गावातल्या केबलचं लोकल चॅनेल चालवायला त्यानं घेतलेलं. सकाळी भजन, दुपारी शिकवणीवर्गाच्या जाहिराती, संध्याकाळी काहीच नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि स्नेहसंमेलनाची नाटकं लिहिते एवढ्या भांडवलावर तो माझ्याकडे आला. "मॅडम, भुताची गोष्ट द्या. एक घर, एक बाई, एक कंदील. आपल्याले जमन." मी त्याला अंतराळयान दिलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये पत्रे ठोकताना दिसला. यान तयार होत होतं.

यानाचं नाव 'पैनगंगा'. आपल्या भागातली काही गावं उठून त्यात बसली आहेत आणि खूप लांबच्या एका ग्रहावर राहायला निघाली आहेत. ग्रहाचं नाव पैलगाव. हे कागदावर लिहून मी तुला स्टँडच्या कॅन्टीनमध्ये वाचून दाखवलं, तेव्हा तू भजी खाताखाता थांबलीस.

"हे लोक गाव सोडून काऊन गेले?"

पाऊस म्हणू का, युद्ध म्हणू का, असं मी तुलाच विचारलं.

"सांगूच नको," तू म्हणालीस. "पाहनारा जो तो आपलं कारन टाकन त्यात."

तेच केलं. सगळ्या भागांत कुठंही सांगितलं नाही की ते लोक का निघाले. आजही कुणीकुणी मला रस्त्यात थांबवून कारण सांगतात. प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि सांगताना आवाज थोडा खाली जातो. यान मी बांधलं असेल, मंदा, पण त्यात माणसं बसवलीस तू.

जहाजाचा आवाज म्हणून तू हवीस हे मात्र माझं डोकं. प्रवाशांना धीर देणारा, कुठं आलो ते सांगणारा, सगळ्यांच्या ओळखीचा आवाज तालुक्यात एकच होता. तू नाही म्हणालीस, मग ड्यूटी संपवून आलीस. राजूनं स्टुडिओच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद केला होता. तू घाम पुसत माइकसमोर बसलीस आणि स्टँडवर बोलतेस तसंच वाचलंस, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." आम्ही दोघं खूश.

मग तो प्रसंग आला. यानातली एक बाई खिडकीपाशी उभी राहून रडते आहे, कारण पृथ्वी आता दिसेनाशी होणार. जहाजाच्या तोंडी मी वाक्य दिलं होतं, "पृथ्वी आता दृष्टिक्षेपाबाहेर जात आहे." तू ते वाचलंस आणि कागद खाली ठेवलास.

"शीले, बाई रडून राह्यली अन् मी तिले हे सांगू?"

"मग काय सांगशील?"

तू माइककडे वाकलीस. एक श्वास घेतलास. "रडा बाई. खिडकी बंद करत नाई मी. पोटभर पाहून घ्या."

राजू रेकॉर्डिंग थांबवायचं विसरला. त्या गोधड्यांच्या खोलीत आम्हाला कळलं की आपली मालिका नेमकी कशाची आहे. त्या दिवसापासून 'पैनगंगा' दोन भाषा बोलू लागली. सूचना पुस्तकी मराठीत, आणि माणसाशी बोलायचं झालं की वऱ्हाडीत. पुण्याची माझी नणंद म्हणाली, इतकं प्रगत यान आणि असं गावंढळ बोलतं? मी चिडले. तू चिडली नाहीस. "त्याईच्या जहाजाले त्याईची भाषा बोलू दे," म्हणालीस. "हे आपलं आहे."

दुसऱ्या वर्षी पहिली काही कुटुंबं लहान यानातून पुढं पैलगावला उतरली. बाकीची जहाजातच, वरून फेऱ्या घालणारी. तिथं दोन सूर्य. एक मावळायच्या आत दुसरा उगवतो, म्हणून अंधार कधीच पडत नाही. त्यांनी तूर पेरली. झाडं माथ्यावर गेली, पण फूल धरेना, कारण तुरीला फुलायला लांब रात्र लागते. हे मी वर्गात शिकवते. पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तू म्हणालीस, रात्र नसेल तर शिवतील. म्हणून पैलगावच्या बायका ताडपत्र्या जोडून अख्ख्या वावरावर रात्र ओढतात आणि ठरल्या वेळी काढतात. त्या भागानंतर लोकांनी आपल्याला मनावर घेतलं. तेव्हापासून आपल्या दोघींचं भांडणही सुरू झालं.

तुझं म्हणणं असं होतं की सगळे लोक उतरले की जहाजानं बोलणं बंद करावं. कायमचं. मी ऐकायला तयार नव्हते. लोक तुझ्या आवाजासाठी मालिका लावतात, हे मला माहीत होतं, राजूला माहीत होतं, केबलवाल्याला माहीत होतं. मी तुला म्हणायची, जहाज डोंगरावर उभं राहील, तिथून गावाला सल्ला देईल, वादळाची खबर देईल. तू मान हलवायचीस.

"गाडी फलाटाले लागली का माहं काम संपलं. मंग बी मी बोलत बसली, तर लोकं गाडीतून उतरतच नाई शीले. मी रोज पाह्यते. गाडी लागलेली असते, अन् लोकं माह्याच तोंडाकडं पाहून राह्यतात."

या एका मुद्द्यावर आपण किती चहा प्यालो असू. एकदा तर तू कॅन्टीनमधून उठून गेलीस आणि काचेच्या खोलीतून लाउडस्पीकरवर म्हणालीस, "शीला मॅडमनी आपली पर्स कॅन्टीनमध्ये विसरू नये." सगळं स्टँड माझ्याकडे बघत होतं. राग तसाच होता, पण तू हसवलंस.

मग तुला कावीळ झाली. आपण म्हटलं, उतरेल. पथ्य केलंस, गावठी औषध झालं, मग संभाजीनगरचा दवाखाना. तिसऱ्या वर्षाचे भाग अर्धे झाले होते. जहाज फेऱ्या घालत पैलगावच्या अगदी जवळ आलं होतं, आणि उतरण्याचा भाग तेवढा तुझ्या आवाजात व्हायचा होता. मी भेटायला आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे पिवळे होते. हात हातात घेतला तर तू पहिलं हे विचारलंस:

"उतरवलं का लोकाईले?"

"नाही अजून. तू बरी हो. मग करू."

"माहं काम नाई लागत त्यात. उतरतानी मी गप राह्यते."

"तू गप राहिलीस तर जहाज आपटेल, मंदा."

"नाई आपटत. नलूबाई आहे न."

नलूबाई म्हणजे आपली कॅप्टन. दुसरबीडची अंगणवाडीची बाई, तिला तूच शोधलंस, बस चुकली म्हणून कंडक्टरला झापत होती तेव्हा.

"लोक तुझ्यासाठी बघतात," मी म्हणाले.

"म्हनूनच," तू म्हणालीस. नर्स आली, भेटीची वेळ संपली. मी बाहेर आले. येत्या रविवारी तुला काय उत्तर द्यायचं ते मी बसमध्ये बसूनच ठरवलं होतं. चांगलं उत्तर होतं. वर्षभर विचार करून शेवटी सापडलेलं. ते मी इथं लिहीत नाही. ऐकून खोडून काढायला तू नाहीस, मग एकटीनं मांडून काय करू.

रविवार यायच्या आत तू गेलीस.

तेरवी झाल्यावर राजूनं मला स्टुडिओत बोलावलं. गोधड्या तशाच होत्या. त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी लावलं आणि तू बोललीस, "पैलगावच्या लोकाईनो, भिऊ नका. आपून उतरून राह्यलो." मंदा, तू हे वाक्य कधीच बोलली नव्हतीस. मला माहीत होतं, कारण ते मी लिहिलं नव्हतं. तरी मी खुर्ची धरली.

"मशीन करते मॅडम," राजू म्हणाला. "मंदाताईचा आवाज आपल्यापाशी भरपूर आहे. तो तिले ऐकवला. आता आपून लिहू ते ती बोलन. पुढं कितीबी वर्षं."

मी म्हणाले, परत लाव. त्यानं लावलं. मी पुन्हा म्हणाले, परत लाव. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मला ते हवं होतं. तू नसलेल्या त्या आवाजाला कवटाळून मी घरी जायला तयार होते. राजूचे डोळेही भरले होते. त्याला काही मालिका विकायची नव्हती. त्यालाही तूच हवी होतीस.

"दिनकरभाऊंना विचारू," मी म्हणाले.

हिवरा आश्रमच्या पुढं तुमच्या वावरात गेलो तेव्हा तुझा नवरा वांगी तोडत होता. आम्हाला पाहून दिनकरभाऊंनी क्रेट खाली ठेवलं, हात धुतले, बांधावर बसले. राजूनं मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"परत लावा," ते म्हणाले. माझ्यासारखंच.

दुसऱ्यांदा ऐकून त्यांनी मोबाइल राजूच्या हातात दिला.

"आवाज तिचाच आहे. पन हे श्वास नाई घेत."

राजूनं मोबाइल पुन्हा स्वतःच्या कानाशी नेला.

"बोलाच्या आधी ती श्वास घ्याची. चुलीपाशी असो का कुठी असो. मले पाठमोरं बसून बी समजे, आता ही काईतरी बोलनार." मग ते म्हणाले, "ताई, तिचं काय म्हननं होतं? तुमाले तं ती सगळं सांगे."

मी सांगितलं. जहाज उतरलं की आवाज बंद, हे तिचं म्हणणं होतं. मला ते पटलेलं नव्हतं, हेही सांगितलं.

"मंग इचारता काऊन?" ते शांतपणे म्हणाले. "तिनं तं सांगतलंच आहे."

राजू म्हणाला, "भाऊ, लोक मालिका सोडतील."

"सोडू द्या." दिनकरभाऊ उठले. "घरात आमी तिचं फार काई ऐकलं नाई, राजूभाऊ. जत्रा असो का लेकीचं लग्न असो, आपलंच खरं केलं. हे एक तरी तिच्या मनासारखं होऊ द्या." त्यांनी आम्हाला वांग्यांनी भरलेली पिशवी दिली आणि पुन्हा ओळीत वाकून तोडायला लागले.

परतताना मी तुझ्यावर इतकी चिडले होते की राजूनं गाडी हळू घेतली. तू भांडण जिंकलीस आणि माझं हरलेलं तोंड बघायला समोर नाहीस, हे कसलं भांडण. पण घरी येऊन मी लिहायला बसले, आणि एकदा बसल्यावर उठायचं नाही असं ठरवलं. सोपे रस्ते बरेच होते. जहाजात धूर दाखवायचा. शेवटचा निरोप लिहायचा, तारे, अश्रू, संगीत. तुझ्या तोंडी मी असलं काही घातलं असतं तर तू कागद खाली ठेवला असतास. मी काहीच कारण दिलं नाही. आजारी पडायच्या आधी तू शेवटचं जे रेकॉर्ड केलंस ते वाक्य तेवढं ठेवलं: "खाली पाहा, आपले लोक दिसून राह्यले." त्यानंतर जहाज बोलत नाही. कॅप्टन उंची विचारते, उत्तर येत नाही. दुसऱ्यांदा विचारते, येत नाही. मग ती स्वतः जहाज उतरवते. एवढंच लिहिलं.

शूटिंग शेडमध्ये झालं. उतरल्यानंतरचा भाग सुलतानपूरजवळच्या खाणीत, तिथला मुरूम लाल आहे. तुला आठवत असेल, तुझा आवाज नंतर जोडला जायचा, म्हणून शूटिंगच्या वेळी जहाजाची वाक्यं मी कॅमेऱ्यामागून वाचायची आणि नलूबाई त्यांना उत्तर द्यायची. त्या दिवशीही मी कागद घेऊन तिथंच उभी राहिले. माझ्या कागदावर पुढं काही नव्हतं.

"पैनगंगा, उंची किती?" नलूबाईनं विचारलं.

"पैनगंगा, उंची सांग." आवाज जरा फाटला.

इथं तिनं जहाज चालवायचा दांडा हातात घ्यायचा होता. तिनं घेतला नाही. तिसऱ्यांदा, कुठंही लिहिलेलं नसताना, ती हळूच म्हणाली, "मंदाताई?" आणि कॅमेऱ्याच्या पलीकडं माझ्याकडं पाहिलं. मंदा, तेव्हा एक शब्द बोलायची मला फार इच्छा झाली. कोणताही. मी मान हलवली. नाही.

नलूबाई वळली, आणि अंगणवाडीत पोरांना बसवते त्या आवाजात बाकीच्यांना म्हणाली, "बसा सगळे खाली. आपापलं लेकरू धरा. मी सांगते तसं करा." दांडा धरला. शेडच्या बाहेरून राजूची माणसं पत्रा हलवत होती, आत सगळे एकमेकांना धरून बसले होते, आणि ती एकेकाला नाव घेऊन सांगत होती, तू हे धर, तू ते सोड. जहाज टेकलं. दरवाजा उघडला तरी कुणी उठेना. शेवटी ती स्वतःच आधी उतरली.

'मंदाताई' हा शब्द आम्ही काढून टाकला नाही. राजूला तो नको होता, मी अडून बसले. ज्या बाईनं गावाला इतक्या लांब आणून सोडलं, तिला तिच्या लोकांनी एकदा नावानं हाक मारावी.

तो भाग दाखवायच्या आधी मी दिनकरभाऊंना बोलावलं. ते स्टुडिओत प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि शेवटपर्यंत तसेच बसून राहिले. संपल्यावर मला वाटलं, आता काही बोलतील तुझ्याबद्दल. त्यांनी विचारलं, "पानी आहे का तिथं?"

"अजून सापडलं नाही. आजवर जहाजातलं पुरत होतं."

"मंग?"

"विहीर खणतील."

त्यांनी मान डोलावली आणि निघून गेले.

लोकांचं मात्र तुला सांगायला हवं. पुष्कळ जण रागावले. मंदाबाईचा आवाज तुमच्यापाशी असताना लावत काऊन नाई, असं राजूला स्टुडिओत येऊन ऐकवलं. लोणारच्या एका बाईनं मला फोन केला. जहाज गप्प झाल्यावर तिनं टीव्ही बंद केला होता. नवरा गेल्यापासून शांतता तिला सहन होत नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो भाग परत दाखवला तेव्हा तिनं पूर्ण पाहिला. मी विचारलं, कसा वाटला. "उतरले बाप्पा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. काहींनी बघणं सोडलं. राजू दोन दिवस तोंड पाडून होता. मग त्यानं तो मशीनचा आवाज पुसून टाकला, माझ्यासमोर, मी न सांगता. तुझं खरं रेकॉर्डिंग तेवढं जपून ठेवलं आहे.

आणि हेही ऐक, सगळं तुझं मी मान्य केलेलं नाही. जहाज मोडून त्याच्या पत्र्यांची घरं करा, असं तू म्हणायचीस. ते मी करणार नाही. जहाज उभं राहील, आणि त्यात शाळा भरेल. आवाज नसलेल्या जहाजात पोरं मोठ्यानं पाढे म्हणतील. तुला पटत नसेल तर नसेल. पैलगाव मी सोडणार नाही. जमेल तितकं लिहीन, मग दुसऱ्या कुणाला शिकवीन, पण तिथं लोक राहायला आले आहेत आणि ते राहतील.

गेल्या आठवड्यात दिनकरभाऊंचा फोन आला. तुमच्या वावरातली विहीर तू आजारी पडलीस तेव्हा अर्धी सोडली होती, तिचं काम पुन्हा धरतो आहे, म्हणाले. "तुमच्या शूटिंगले खरी विहीर लागन न? इथंच करा."

आज सकाळी गेलो. वीजवाल्यानं तार जोडली, काठावर टोपलं ओढायची यारी बसली, तिचा दोर खाली सुटला. नलूबाई कॅप्टनच्या कपड्यांत काठावर उभी होती. तिनं इकडं तिकडं पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि टोपली पुढं द्यायला उभ्या राहिलेल्या माणसांच्या ओळीत शिरली. दिनकरभाऊ स्वतः खाली उतरले होते. बराच वेळ नुसता टिकावाचा आवाज येत होता. मग खालून त्यांनी हाक दिली, "घ्या वर," आणि दगडमातीचं पहिलं टोपलं वर आलं. ते नलूबाईनं धरलं. राजूनं कॅमेरा सुरू केला होता की नाही, ते मी विचारलं नाही. दुसरं टोपलं मी घेतलं.